दहा दिवस कुत्र्याकडे बघत बसू नका, आधी इंजेक्शन घ्या

कुत्रा चावल्यावर काय करावे, हे सांगणारा एक संदेश घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत असतो. कुत्रा पाळीव असेल तर काळजी नको, जखमेवर हळद किंवा मिरचीपूड दाबून भरावी, दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवावी आणि तो मेला तरच इंजेक्शने घ्यावीत, कारण ती पोटात चौदा घ्यावी लागतात, असा त्याचा सूर असतो. यातली दहा दिवसांची गोष्ट अर्धी खरी आहे आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे.

रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत उतरतो, तो त्याला लक्षणे दिसू लागण्याच्या थोडेच दिवस आधी. त्यामुळे चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे मानता येते. मात्र हे निरीक्षण, आधीच सुरू केलेले उपचार पुढे चालू ठेवायचे की थांबवायचे, एवढेच ठरवण्यासाठी आहे. उपचारांची सुरुवात त्यासाठी लांबवायची नसते. जखमेत शिरलेला विषाणू मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकत असतो. लक्षणे बहुधा एक ते तीन महिन्यांत दिसतात, पण चेहऱ्यावर, मानेवर किंवा बोटांवर चावा असेल तर त्याआधीही दिसू शकतात, आणि एकदा पाणी गिळताना घशाला आचके येऊ लागले की रुग्ण वाचल्याची उदाहरणे जगभरात फारच थोडी आहेत. शिवाय हा नियम फक्त कुत्र्या-मांजरांना लागू आहे. माकड, मुंगूस किंवा कोल्हा चावल्यास त्याचा उपयोग नाही. भटका कुत्रा तर दुसऱ्या दिवशी सापडेलच असेही नाही.

कुत्रा पाळीव किंवा लस दिलेला असला तरी तो निर्धोक आहे की नाही, हे घरच्यांनी नव्हे, डॉक्टरांनी ठरवायचे.

हळद, चुना, मिरची यांनी विषाणू मरत नाही, उलट जखम चिघळते. साबणाने मात्र त्याचे स्निग्ध आवरण विरघळते. म्हणून जखम वाहत्या नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. मुले रडू लागली की आपण दोन मिनिटांत नळ बंद करतो, तसे करू नये. नंतर जंतुनाशक लावावे. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत.

पोटातली इंजेक्शने मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लशीची होती. ती लस भारतात 2004 च्या सुमारास बंद झाली. आताची लस दंडात देतात, साधारणपणे 0 (म्हणजे पहिल्या मात्रेचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. कातडीत द्यायच्या पद्धतीचे वेळापत्रक थोडे वेगळे असते. सरकारी दवाखान्यांत ती मोफत मिळते.

जिच्याविषयी हा संदेश चकार शब्द काढत नाही, ती गोष्ट म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. लशीमुळे शरीराला स्वतःची प्रतिकारशक्ती उभी करायला काही दिवस लागतात, तर इम्युनोग्लोब्युलिनमधून तयार प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने, थेट मिळतात. रक्त आले असेल किंवा जखमेवर, तोंडात वा डोळ्यात लाळ गेली असेल, तर ते जखमेतच आणि तिच्याभोवती टोचावे लागते. त्यामुळे ‘फक्त लस देऊन घरी पाठवतोय’ असे कोणी म्हणाले, तर इम्युनोग्लोब्युलिनची गरज आहे का आणि ते कुठे मिळेल, हे तिथेच विचारावे. लशीच्या पहिल्या मात्रेनंतर सात दिवसांपर्यंतच ते देता येते. लशीची एखादी तारीख चुकली, तर उरलेल्या मात्रा सोडून न देता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.