हवा सोडायची हिंमत

ऑक्टोबर लागला की दुबईतल्या मराठी मंडळींना वाळूत गाडी हाकायचे वेध लागतात. शनिवारी भल्या सकाळी दुबईजवळच्या बदायरच्या लाल वाळूच्या टेकड्यांपाशी डांबर संपतं, गाड्या ओळीने उभ्या राहतात आणि परीक्षा सुरू होते. चांगल्या भरलेल्या टायरांतली हवा आपल्याच हाताने सोडायची! लहानपणी दुसऱ्याच्या सायकलची हवा सोडली तर कानाखाली बसायची. त्यामुळे ३५ पीएसआयचे (हवेच्या दाबाचं माप) १५ करा म्हटलं की हात अडतो आणि घासाघीस चालू होते: "२२ ठेवूया का?" भाजीवाला एकवेळ ऐकेल, वाळू ऐकत नाही.

हिशेब सरळ आहे. गाडी २,४०० किलोची धरली तर एका चाकावर ६०० किलो. ३५ पीएसआयला टायर कागदावर साधारण २४५ चौरस सेंटीमीटर जमिनीवर टेकतो, १५ला ५७० च्या आसपास. ही वाढ रुंदीपेक्षा लांबीत जास्त होते. चाक वाळू खणायचं सोडून तिच्यावरून चालायला लागतं. रॅल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने शंभरेक वर्षांपूर्वी लिबियाच्या वाळवंटात फोर्ड मोटारी याच युक्तीने हाकल्या. आपण मात्र अजून २२वर अडून बसतो.

सोडायची रीत काय? वॉल्व्हची टोपी काढून ती खिशात घाला. बोनेटवर ठेवलेली टोपी वाळूला दान दिली असं समजायचं. मग किल्लीच्या टोकाने वॉल्व्हची पिन दाबत उकिडवं बसा. एका चाकाला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात गुडघे आपलं वय सांगतात. पिनच काढणारा डिफ्लेटर, म्हणजे हवा सोडायचं अवजार, झटपट काम करतो. पण साध्या पान्याने पिन काढायला जाल, तर पेरभर लांबीची ती पितळी वस्तू हवेच्या जोराने सुटते आणि वाळूत जी जाते ती जातेच. दोन जादा पिना जवळ ठेवाव्यात. पहिल्या चाकाला किती सेकंद लागले ते मोजा, उरलेल्या तिघांना तेवढेच द्या आणि शेवटी दाब मोजायचं गेज लावा. गेज ० ते ६० चं असावं; ० ते १६० वाल्यावर १२ आणि १८ यांच्यात काट्याची नुसती थरथर दिसते. हायवेवरून आलेला टायर तापलेला असतो. गरम असताना १५ ठेवलेत तर थंड झाल्यावर १३ भरतील, हे धरून चाला.

"मग १० करून टाकू की!" म्हणणारा एक उत्साही प्रत्येक ताफ्यात असतो. १२च्या खाली गाडी फक्त रुतल्यावर, बाहेर काढण्यापुरती न्यावी. एवढ्या कमी हवेवर स्टीअरिंग झटक्यात फिरवलं की टायर रिमवरून उतरतो. याला इथे पॉपआउट म्हणतात. मग जॅक लावायचा. जॅकखाली फळी हवीच, नाहीतर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जातो.

रुतलात तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. चाक जागच्या जागी फिरलं की प्रत्येक फेरीला गाडी खोल बसते आणि शेवटी पोट टेकतं. चाकांभोवतीची आणि पोटाखालची वाळू उपसा, आलात त्याच चाकोरीतून मागे घ्या. या वेळी आजूबाजूला उभे असलेले सगळे तज्ज्ञ असतात, फावडं मात्र एकाकडेच असतं.

परतताना हवा भरणं हे त्याहून कंटाळवाणं. छोटा कंप्रेसर लायटरच्या सॉकेटला लावलात तर फ्यूज जाण्याची शक्यता दांडगी. चिमटे थेट बॅटरीला लावा, इंजिन चालू ठेवा. तोही दोन चाकांनंतर तापून बंद पडतो आणि रुसल्यासारखा पंधरा मिनिटं बसून राहतो. "पंप जवळच आहे, तसेच जाऊ," हा मोह इथेच होतो. १५ पीएसआयवर डांबरावरून वेगात निघालात तर टायरच्या बाजूच्या भिंती दुमडून-दुमडून आतून तापतात आणि तो फाटतो. किमान २५ भरा, सावकाश जा, उरलेली पंपावर.

आणि हो, स्टेपनीची हवा सोडायची नसते. विचारणारे असतात, म्हणून सांगितलं.