बोअरच्या खोल पाण्यात जंतू नसतात, हे खरं नाही

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. 600 फुटांखाली ऊन-वारा पोचत नाही म्हणून तिथं जंतू जगत नाहीत, बोअरचं नितळ पाणी तसंच प्यावं, उकळलं तर त्यातले क्षार मरतात, असं त्याचं म्हणणं. घरात तान्हं मूल असेल तर हा सल्ला घातक आहे.

ऊन नाही म्हणून जीव नाही, हे मुळातच चूक. रुमानियात 1986 साली सापडलेली मोविले गुहा लाखो वर्षं बंद होती. आत गंधक आणि मिथेनवर जगणारे जिवाणू, आणि त्यांच्या जिवावर पोसलेले कोळी, जळवा. दक्षिण आफ्रिकेच्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत तर 2.8 किलोमीटर खोल भेगांतल्या पाण्यात एक जिवाणू सापडला. युरेनियमच्या किरणोत्सारानं पाणी फुटून हायड्रोजन सुटतो, तो आणि सल्फेट यांवर त्याचं भागतं. आपले 600 फूट त्यापुढे किती! बोअरच्या पाइपात साठणारा तांबूस, बुळबुळीत गाळ हेही बऱ्याचदा लोह-जिवाणूंचंच काम.

हे खोलातले जिवाणू माणसाला सहसा त्रास देत नाहीत. धोका वरून उतरणाऱ्यांचा आहे. माती पाणी गाळते, पण वाळूच्या जाड थरात. इथं जांभा आणि काळा पाषाण. पाणी भेगांतून सरळ खाली जातं. केसिंग, म्हणजे बोअरच्या भिंतीला आधार देणारं पाइपाचं अस्तर, वरच्या सुट्या मातीपुरतंच असतं. त्याच्या कडेनं पोकळी राहिली आणि जवळ शोषखड्डा किंवा गोठा असला, की मिरगाच्या पावसाबरोबर घाण बोअरमध्ये उतरू शकते.

नितळपणावरून काहीच कळत नाही. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू अजिबात सापडता कामा नये, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

क्षारांना जीव नसतो, ते मरत नाहीत. उकळल्यावर थोडा चुना भांड्याच्या तळाशी बसतो, इतकंच. खळखळून एक मिनिट उकळलं की रोगजंतू मरतात. नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र उकळून जात नाहीत, त्यांची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते.

जंतूंसाठी काळी पडणारी एच-टू-एस बाटली असते. खुणेपर्यंत पाणी भरून ती उबेला 24 ते 48 तास ठेवा. काळी पडली तर पाणी उकळूनच प्या, बोअरच्या तोंडाभोवती सिमेंटचा कट्टा बांधून घ्या, ब्लीचिंग पावडरनं बोअर शुद्ध करा आणि पुन्हा तपासा.