'घरचा अनुभव' आणि 'शास्त्र': एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

पक्षाघातानंतर भाषा गेलेले रुग्ण मागे का पडतात, या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: "झटका मोठा असला की भाषाही जाते आणि रुग्णही खालावतो. भाषा गेल्यामुळे खालावतो म्हणणं हा घरच्या अनुभवातून आलेला भाबडेपणा आहे." मुद्द्यावर येतोच. पण 'भाबडेपणा' हा शब्द माझ्यासमोर बसून वापरला असतात का? नाव न लिहिता बोलायचं असलं की सगळ्यांनाच शास्त्र सुचतं.

एक मान्य. वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषाच बिघडणं, वेगळा आणि नुसती जीभ जड होऊन उच्चार बिघडणं वेगळं, हे एका ओळीत सांगायला हवं होतं. झालं समाधान?

आता ते वाक्य. मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की हानीही मोठी होते आणि भाषाही जाते, एवढं मलाही कळतं. पण पुढे काय? साधारण तीनात एका रुग्णाला सुरुवातीला वाचाघात असतो. कुठे दुखतंय ते त्याला सांगता येत नाही, व्यायामाच्या सूचना नीट कळत नाहीत. नैराश्य ओळखायच्या बहुतेक प्रश्नावल्या शब्दांवरच चालतात, म्हणून कित्येक अभ्यासांतून हे रुग्ण वगळले जातात. नैराश्य कुणाला दिसलंच नाही, तर उपचार कोण करणार? हेही झटक्याच्या आकारावर ढकलणार का?

माझ्या वडिलांचा लुळा हात कुणी उचलला की ते दुसऱ्या हाताने त्याला ढकलायचे. कागदावर 'सहकार्य करत नाहीत' असा शेरा पडला आणि व्यायाम थांबला. खांदा दुखत होता, हे स्पीच थेरपिस्टने चित्रांवर बोट ठेवायला लावलं तेव्हा कळलं. तोवर खांदा आखडला होता. यात झटक्याचा वाटा किती आणि भाषेचा किती, ते आपणच मोजून सांगा. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही म्हणाल. म्हणा. मी तिथे होतो, आपण नव्हतात.

स्पीच थेरपीने रोजचा संवाद सुधारतो, हे ५७ चाचण्या तपासणाऱ्या, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१६च्या आढाव्यात आहे. आपण शास्त्रवाले, वाचला असेलच.

बाकी लेखाची लांबी, शीर्षक आणि माझं शिक्षण यांवर लिहिलंत, त्याला उत्तर द्यायला मला वेळ नाही. आणि हो, 'टॅन' एवढंच बोलू शकणारा, वाचाघाताच्या अभ्यासात गाजलेला फ्रेंच डॉक्टर ब्रोका यांचा रुग्ण १८६१चाच. आपण दिलेलं १८७४ हे वाचाघाताचा दुसरा प्रकार मांडणाऱ्या जर्मन डॉक्टर वेर्निके यांचं साल आहे. दुसऱ्याची चूक काढण्याआधी तपासून घेत चला.