मूलभूत चौकट जर्मनीहून आली? आधी तारखा बघा

केशवानंद भारती खटल्याचा, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३च्या घटनादुरुस्तीविषयक निकालाचा, विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत, म्हणजे घटनेचा गाभा संसदेला दुरुस्ती करूनही बदलता येत नाही हे तत्त्व, भारतीय नाहीच. डिट्रिश कॉनराड नावाच्या जर्मन प्राध्यापकाने १९६५ साली बनारसला भाषण दिले, जर्मन घटनेतले कलम आपल्या गळ्यात मारले. केशवानंद भारतींचे वकील नानी पालखीवाला यांनी तेच कोर्टात मांडून खटला जिंकला. तेव्हापासून एका परक्या माणसाने भारताच्या संसदेचे हात बांधून ठेवले आहेत.

यात खरे किती, ते आधी सांगतो. कॉनराड हे हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतले कायद्याचे अभ्यासक. फेब्रुवारी १९६५मध्ये त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असतात का, या विषयावर व्याख्यान दिले. ते ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांच्यापर्यंत पोचले. मुंबईचे घटना अभ्यासक ए. जी. नूरानी यांनी २००१ साली हे ऋण जाहीरपणे मांडले आणि ते योग्यच केले. माझा आक्षेप यापुढच्या फुगवलेल्या भागाला आहे.

पहिला दावा, म्हणजे ही कल्पना कॉनराड यांनीच आणली हा, तारखांवरच पडतो. सज्जनसिंह विरुद्ध राजस्थान या खटल्याचा निकाल ३० ऑक्टोबर १९६४चा आहे, बनारसच्या व्याख्यानाच्या काही महिने आधीचा. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सतरावी घटनादुरुस्ती वैध ठरवली. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी बहुमताचा निकाल लिहिला. पण न्या. ज. र. मुधोळकरांनी वेगळे निकालपत्र लिहून एक शंका नोंदवून ठेवली: घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल करणे ही नुसती दुरुस्ती म्हणायची, की तो घटनेचा काही भाग नव्याने लिहिणे झाले?

मुधोळकरांनी आधार घेतला होता १९६३च्या फजलुल कादिर चौधरी खटल्याचा. तो पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. मंत्र्यांना सभागृहाचे सदस्य राहता यावे म्हणून राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून घटनेत फेरफार केला होता. सरन्यायाधीश कॉर्नेलियस यांच्या न्यायालयाने तो रद्द केला, कारण त्यामुळे घटनेचे एक मूलभूत वैशिष्ट्यच बदलत होते. ढाक्याहून अपिलात गेलेल्या खटल्यातली ही कल्पना दिल्लीत मुधोळकरांच्या निकालपत्रात आली, तेव्हा कॉनराड बनारसला बोललेही नव्हते.

‘जर्मन घटनेतले कलम उचलले’ हा दुसरा दावा. जर्मनीच्या १९४९च्या मूलभूत कायद्यात कलम ७९(३) आहे. मानवी प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य अशा काही तत्त्वांना दुरुस्तीनेही हात लावता येत नाही, असे ते स्पष्ट शब्दांत सांगते. आपल्या घटनेत असे कलम नाही. घटनादुरुस्तीचे जे कलम ३६८, त्यात अशी कोणतीही बंदी लिहिलेली नाही. म्हणूनच तर कॉनराड यांचा युक्तिवाद वेगळा होता. त्यांनी जर्मनीचे कलम दाखवले नाही, जर्मनीचा अनुभव दाखवला. १९३३ साली हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा दोन तृतीयांश मतांनीच मंजूर झाला होता, जर्मनीच्या तेव्हाच्या वायमार घटनेने घालून दिलेल्या रीतीनेच. रीत पाळूनही घटना संपवता येते, हे त्यांच्या देशाने भोगले होते.

आणि बनारसला त्यांनी प्रश्न विचारले, तेही भारताचे. दुरुस्ती करून देशाची तमिळनाड आणि हिंदुस्थान अशी दोन राज्यांत फाळणी करता येईल का? कलम २१ बदलून कायद्याच्या आधाराविना कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येईल का? बहुमत ओसरताना दिसले म्हणून सत्ताधारी पक्ष दुरुस्तीचा सगळा अधिकार पंतप्रधानांच्या सल्ल्याने चालणाऱ्या राष्ट्रपतींकडे देऊ शकेल का? घटना रद्द करून मुघल बादशहा किंवा इंग्लंडचा राजा परत आणता येईल का?

१९६५ साली हे प्रश्न अतिरेकी वाटणे स्वाभाविक होते. पण साधारण दहाच वर्षांनी, ऑगस्ट १९७५मध्ये, एकोणचाळिसावी दुरुस्ती आली आणि पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर गेली. १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तर घटनादुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही आणि कोणत्याही न्यायालयात तिला आव्हान देता येणार नाही, असे घटनेतच लिहून टाकले.

तिसरा दावा, पालखीवालांनी ‘तेच मांडले आणि जिंकले’. नंबियार यांनी हा मुद्दा १९६७च्या गोलकनाथ खटल्यात मांडला होता. सरन्यायाधीश सुब्बाराव यांनी त्यात बरेच बळ असल्याचे म्हटले, पण त्यावर निर्णय न देता वेगळ्या, अरुंद आधारावर निकाल दिला. केशवानंद खटला ६८ दिवस १३ न्यायमूर्तींपुढे चालला. त्यात आयर्लंडचा रायन खटला, सिलोनचे निकाल, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असा मोठा पसारा होता. २४ एप्रिल १९७३ला निकाल आला तो सात विरुद्ध सहा.

सातवे निर्णायक मत न्या. हं. रा. खन्नांचे, आणि फिरणाऱ्या मजकुरात हे कधीच येत नाही. खन्नांनी ‘अंगभूत मर्यादा’ हा पालखीवालांचा मुख्य युक्तिवाद नाकारला. कॉनराड यांच्या व्याख्यानाचा विषय नेमका तोच होता! खन्नांचा मार्ग साधा होता: दुरुस्ती म्हटली की मूळ घटना ओळख न हरवता शिल्लक राहिली पाहिजे. त्याच निकालपत्रात त्यांनी कॉनराड यांचे वाक्यही उद्धृत केले. घटनेच्याच चौकटीत काम करणाऱ्या यंत्रणेला, तिचा अधिकार शब्दांत कितीही अमर्याद असो, स्वतःचा अधिकार ज्या खांबांवर उभा आहे ते खांब बदलता येत नाहीत, असा त्याचा आशय. म्हणजे त्यांनी अभ्यासकाचे वाचले, पटले तेवढे घेतले, बाकीचे सोडले. खन्नांसारख्या न्यायमूर्तीने परक्याचे ऐकून सही केली असे सुचवणे मला अन्यायाचे वाटते.

‘जिंकले’ हेही अर्धेच खरे. या खटल्यात आव्हान दिलेल्या दुरुस्त्यांपैकी चोविसावी आणि एकोणतिसावी वैध ठरली. पंचविसाव्या दुरुस्तीतला न्यायालयीन तपासणी रोखणारा भाग तेवढा गेला. मालमत्तेचा हक्क खन्नांनी मूलभूत चौकटीत धरला नाही, आणि एडनीर मठाच्या स्वामींचा, म्हणजे खुद्द केशवानंद भारतींचा, मूळ वाद तर जमिनीचाच होता.

राहिला संसदेचे हात परक्याने बांधल्याचा दावा. याला उत्तर म्हणून मी दोन माणसांकडे बोट दाखवीन. पुण्याचे न्या. य. वि. चंद्रचूड १९७३ साली सहा जणांच्या अल्पमतात होते. हा सिद्धांत त्यांना मान्य नव्हता. नोव्हेंबर १९७५मध्ये त्याच चंद्रचूडांनी एकोणचाळिसाव्या दुरुस्तीतला पंतप्रधानांच्या निवडणुकीचा भाग मूलभूत चौकटीच्याच आधारे अवैध ठरवला. पुढे सरन्यायाधीश म्हणून १९८०च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात बेचाळिसाव्या दुरुस्तीची ती कलमे रद्द करणारा बहुमताचा निकालही त्यांनीच लिहिला. दुसरे एच. एम. सीरवई, महाराष्ट्राचे तेव्हाचे महाधिवक्ता. केशवानंद खटल्यात केरळ सरकारतर्फे ते पालखीवालांविरुद्ध उभे होते. भारतीय घटनेवरच्या आपल्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत त्यांनी हा सिद्धांत बरोबर असल्याचे लिहिले. या दोघांनी आधी विरोध केला होता आणि मग १९७५चा भारत पाहिला. त्यांना बनारसच्या व्याख्यानाची गरज उरली नव्हती.

या सिद्धांताला विरोध करायला खरी जागा आहे. मूलभूत काय हे न्यायाधीशांनी ठरवायचे कशाच्या जोरावर, हा प्रश्न आजही अवघड आहे, आणि निवडून आलेल्या संसदेची बाजू हलकी नाही. पण ती बाजू मांडायची तर केशवानंदमधली रे, पाळेकर, मॅथ्यू, बेग, द्विवेदी आणि त्या वेळच्या चंद्रचूडांची निकालपत्रे उघडा. फिरत्या मजकुरापेक्षा किती तरी भक्कम युक्तिवाद तिथे आहे, आणि त्यात कोणाच्या पासपोर्टचा उल्लेख करावा लागत नाही.