चित्रपटांना अनुदान देता, मग शिकाऊ उमेदवारीही द्या

पुरुषोत्तम, फिरोदिया या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धांच्या दिवसांत पुण्यात जी पोरं रात्र रात्र जागून लाइट लावतात, म्युझिक सांभाळतात, नेपथ्य ठोकतात, त्यांचं कॉलेज संपल्यावर काय होतं? बरीचशी मिळेल त्या नोकरीला लागतात. हातातली कला तिथेच संपते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. केंद्राने नेमलेल्या स. का. पाटील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात प्रशिक्षण संस्थेची शिफारस केली आणि १९६० मध्ये आपल्या प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची एफटीआयआय, उभी राहिली. भारतीय सिनेमाचं छायाचित्रण, संकलन, ध्वनी तिथल्या मुलांनी बदलून टाकलं. ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी तिथलेच. त्यामुळे ‘एफटीआयआयवर खर्च कशाला?’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण तिथे एकेका विषयाला मोजक्याच जागा, त्याही अख्ख्या देशासाठी, आणि मुख्य अभ्यासक्रमांना पदवीची अट. बाकीच्यांनी जायचं कुठे?

फोकस पुलरचं काम बघा. कॅमेऱ्यापासून नटापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं, जमिनीवर खुणा चिकटवायच्या आणि नट चालत पुढे आला की त्याच्या चालीबरोबर लेन्सची रिंग फिरवायची. जरा चुकलं की चेहरा धूसर, टेक वाया. वर्गात हे समजतं, पण हात बसतो तो सेटवरच, तोही चुका पोटात घालणारा सीनियर असेल तर. आज ही उमेदवारी ओळखीने मिळते आणि बऱ्याचदा फुकट करावी लागते. म्हणजे ज्याच्या घरच्यांना मुंबईतलं भाडं परवडतं, तोच शिकणार.

राज्य सरकार मराठी चित्रपटांना दर्जा बघून अनुदान देतं. पैसा आपलाच आहे. मग त्याला अट घाला: कॅमेरा, ध्वनी, कला, संकलन, प्रत्येक विभागात एक शिकाऊ. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहेच. चाकणच्या कारखान्यांत आयटीआयची पोरं पगारी शिकतात, मग सेटवर का नाही?

छोट्या निर्मात्याला हे परवडणार नाही, मान्य. म्हणून विद्यावेतन सरकारनेच द्यावं, थेट पोरांच्या खात्यात आणि शूटिंग चालू असतानाच. अनुदान चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर येतं, तोवर कोण उपाशी थांबणार? आणि टायटल्समध्ये त्यांचं नाव सक्तीचं करा, पुढचं काम त्यावरच मिळतं.