‘ठेका तर मशीनही धरतं’ म्हणणाऱ्यांसाठी

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची जुळवाजुळव सुरू झाली की इंदूरच्या मराठी मंडळांच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. ‘ड्रमर म्हणजे मागे बसून ठोके मोजणारा. मशीन तेच काम बिनचूक करतं. खुद्द जॉन लेनन म्हणाला होता, रिंगो बीटल्समधलाही सर्वोत्तम ड्रमर नव्हता. वाजवायचं असतं साधंच, आणि लोकगीतांत तर ढोलकी कोणीही बडवतं. रिदमवाल्यांचे पैसे वाचवा, ट्रॅक लावा.’ याचा फटका आपल्याच गावातल्या वादकांना बसतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

लेननचं आधी. लेनन हा ‘बीटल्स’ या इंग्लिश बँडचा गायक, आणि रिंगो स्टार त्यांचा ड्रमर. पण ते वाक्य लेननचं नाहीच. १९८१ साली बीबीसी रेडिओवरच्या एका विनोदी कार्यक्रमात तो विनोद झाला, हे बीटल्सचे अभ्यासक मार्क लुइसन यांनी शोधून काढलं. लेनन तर डिसेंबर १९८० मध्येच गेला होता. रिंगो स्टार मूळचा डावखुरा आणि वाजवतो उजव्या हाताच्या मांडणीवर. त्यामुळे गाण्याच्या ओळींमधली जागा भरणाऱ्या त्याच्या तुकड्यांचं वळणच वेगळं पडतं. बीटल्सचं १९६६ चं ‘रेन’ हे गाणं फक्त ड्रमकडे कान लावून ऐका.

आता ‘साधंच तर वाजवतात’ हा मुद्दा. मला सर्वांत जास्त खटकतो तो हा. ‘रोलिंग स्टोन्स’ बँडचा ड्रमर चार्ली वॉट्सचा उजवा हात बघा. डावा हात स्नेअरवर (कडक आवाजाच्या ड्रमवर) पडतो त्या क्षणी उजवा हाय-हॅटवरून (झांजांच्या जोडीवरून) उचललेला असतो. ती एक थाप गाळल्यानं स्नेअर मोकळा वाजतो आणि गाण्याला डोलणं येतं. बघायला काहीच नाही, पण ते काढून घेतलं तर त्या बँडचा आवाजच उरत नाही.

आणि हे इंदूरकरांना सांगावं लागावं? ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचं लहानपण याच शहरात गेलं. त्यांच्या अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या झुमरा तालात तबल्यानं चौदा मात्रांचा सरळ ठेका द्यायचा, बस्स. दोन मात्रांमधली ती लांबलचक रिकामी जागा न भरता, न घाबरता सांभाळायची आणि गवई समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येईल तेव्हा तिथं असायचं. भल्याभल्यांचे हात तिथं अडखळतात. नानासाहेब पानशांचं पखवाजाचं घराणंही याच होळकरांच्या इंदुरात रुजलं. त्या शहरात ताल धरणारा दुय्यम कसा?

मशीनला माझा विरोध नाही. १९८० मध्ये आलेल्या ‘८०८’ या ड्रम मशीननं पॉपला स्वतःचा असा आवाज दिला. पण त्याच वर्षीच्या लिन कंपनीच्या ड्रम मशीनमधले आवाज खऱ्या ड्रमवर वाजवून, रेकॉर्ड करून घेतलेले होते. गायक-ड्रमर फिल कॉलिन्सच्या १९८१ च्या ‘इन द एअर टुनाइट’ या गाण्यात तर साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ मशीनच चालतं, मग खरे ड्रम कोसळतात, आणि लोक वाट बघतात ती त्याच जागेची. अमेरिकी गायक जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यातला त्याचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्डचा तुकडा शेकडो गाण्यांत कापून वापरला गेला, पण गीतकार-संगीतकारांत नाव नसल्यानं त्याच्या हाती जवळपास काहीच लागलं नाही. पैसे वाचवण्याचा हा हिशोब जुनाच आहे.

ढोलकी कोणीही बडवतं म्हणणाऱ्यांनी लावणीला एकदा ढोलकीवाल्याच्या शेजारी बसावं. त्याची नजर नाचणारीच्या पायांवर असते. ती थबकली की थाप थांबते, चाळ खणखणले की डाव्या हाताचा घुमारा वर चढतो. वन्समोर आला की हात तिथूनच उचलून धरतो. ट्रॅकला वन्समोर ऐकू येत नाही.

ड्रमर गेला तरी बँड चालतो, असंही कुणी म्हणेल. चालतो कधी कधी. १९७८ मध्ये ड्रमर कीथ मून वारल्यावर ‘द हू’ हा बँड नवा ड्रमर घेऊन चालू राहिला. पण सप्टेंबर १९८० मध्ये ड्रमर जॉन बॉनम वारला आणि त्याच डिसेंबरात त्याच्या ‘लेड झेपलिन’ बँडनं थांबत असल्याचं जाहीर केलं.

मंडळांना हात जोडून विनंती आहे. बजेट बसत नसेल तर दोन गाणी कमी करा, एलईडी पडदा लहान घ्या. ढोलकी, ड्रम आणि ऑक्टोपॅडवाल्यांना बोलवा, आणि त्यांचं मानधन गायकांना देता त्याच दिवशी द्या.