काका, तो मळच आहे असं घरबसल्या ठरवू नका

नमस्कार काका,

कानातला मळ घरी कोरू नये, तेल घालू नये, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही रागावून लिहिलंय. एकीकडे मी म्हणते मळ कानाचं रक्षण करतो, दुसरीकडे म्हणते मळानं ऐकू येत नाही, मग खरं काय, असं विचारलंत. तुमच्या आईनं सगळ्या भावंडांच्या कानांत लसणीचं तेल घातलं आणि कुणी बहिरं झालं नाही, हेही सुनावलंत. आणि शेवटी जाता जाता लिहिलंत की दोन-तीन दिवस तुमच्या डाव्या कानाला दडा बसलाय, मळच असणार, कोमट तेलानं निघेल.

बाकी भांडण नंतर करू. आधी हा डावा कान.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ आहे. मळ काढणं हे कान-नाक-घसा तज्ज्ञांचं काम, पण कान मळानं बुजलेला असेल तर माझी श्रवणचाचणीच चुकते, म्हणून प्रत्येक कानात मी आधी दुर्बिणीनं डोकावते. दडा बसला म्हणून आलेल्या सगळ्यांच्या कानात मळ सापडत नाही. काहींचा कान आतून अगदी स्वच्छ असतो, पडदा चकचकीत दिसतो आणि तरी ऐकू येत नसतं. तिथे बिघाड आतल्या कानात किंवा नसेत असतो. अचानक आलेल्या अशा बहिरेपणावर स्टिरॉइडचे उपचार असतात, पण ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोगाची शक्यता जास्त. पंधरवडा उलटला की ती झपाट्यानं कमी होते. या रुग्णांचा सगळ्यात मोलाचा आठवडा तेल घालण्यात जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

एक करून बघा. तोंड मिटून 'हूं' असा लांब हुंकार द्या. मळानं किंवा पडद्यामागच्या पाण्यानं कान बुजला असेल तर तो आवाज बंद कानातच मोठा घुमतो. चांगल्या कानात बोट घालून हुंकार दिलात तर मी काय म्हणते ते लगेच कळेल. पण दडा बसलेला कान गप्पच राहिला आणि हुंकार चांगल्या कानाकडे गेला, तर उद्याची वाट न बघता आजच डॉक्टर गाठा. ते कपाळावर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरून आवाज देणारा धातूचा चिमटा, टेकवून हेच बघतात, अर्थात जास्त खात्रीनं. आणि हुंकार डाव्या कानात घुमला म्हणून निर्धास्त होऊन तेल तापवायला घेऊ नका. हा फक्त अंदाज आहे, कान बघून घ्यायचाच आहे.

आता तुमचा पहिला आक्षेप. दोन्ही विधानं खरी आहेत. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त तिच्या बाहेरच्या भागात असतात. तो चिकट, किंचित आम्ल थर धूळ अडवतो, कातडीला पाणी लागू देत नाही, जंतूंना आणि बुरशीला आवरतो. नळीची कातडी आतून बाहेर हळूहळू सरकत असते, जेवताना-बोलताना जबडा हलतो त्याचीही मदत होते आणि जुना मळ आपोआप बाहेर पडतो. त्यामुळे पडद्याला चिकटलेला घट्ट गोळा दिसला की बहुतेक वेळा आधी काडी घातलेली असते. कापसाच्या बडनं थोडा मळ बाहेर येतो आणि बराचसा आत ठासला जातो.

कानात मळ असूनही माणसाला नीट ऐकू येऊ शकतं, कारण बारीकशी फट उरली तरी आवाज आत पोचतो. ती फट बुजली की मात्र तीस-चाळीस डेसिबलपर्यंत फरक पडतो. साधं बोलणं साठ डेसिबलच्या आसपास असतं, म्हणजे समोरचा पुटपुटतोय असंच वाटणार. डोक्यावरून अंघोळ केल्यावर एकदम दडा बसतो तोही यामुळेच, पाण्यानं मळ फुगतो आणि उरलेली फट बंद होते. वयाबरोबर मळ कोरडा होतो, पुरुषांच्या कानात केस वाढतात, श्रवणयंत्र असेल तर बाहेरची वाटच अडते. एका आजींबद्दल घरचे म्हणत होते की त्या विचारलेलं एक आणि सांगतात भलतंच, बहुतेक विस्मरण सुरू झालंय. त्यांच्या कानातून काळपट, खडखडीत गोळा निघाला, त्यात कापसाचे धागे अडकलेले. निघाल्याबरोबर आजींनी मान वर करून विचारलं, "हा पंखा एवढा वाजतो?" मात्र नंतरच्या चाचणीत वयानं आलेला थोडा बहिरेपणाही दिसलाच. सत्तरीनंतर बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात, म्हणून मळ काढून झाल्यावर श्रवणचाचणी करून घ्यावी.

तुमच्या आईचं तेल चुकीच्या समजुतीवर नव्हतं. तेलानं मळ मऊ होतो, डॉक्टरही काढण्याआधी काही दिवस थेंब घालायला देतात. पण आधी पडदा शाबूत आहे हे बघून. लहानपणी कान फुटून पडद्याला भोक राहिलेली कितीतरी माणसं आहेत आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. अशा कानात तेल थेट मधल्या कानात उतरतं. पळीत कडकडवलेलं तेल किती गरम राहिलंय हे बोटाला नेमकं कळत नाही, भाजलेले कान आम्ही बघतो. पावसाळ्यात तर तेलकट, ओलसर कानात बुरशी सहज धरते. रस्त्यावर कान कोरून देणाऱ्या कानमैल्याचा हात कितीही सराईत असो, त्याला आतला पडदा दिसत नाही आणि त्याची सळई आधी कुणाच्या कानात गेली होती हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

खर्चाचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग असतो, तिथे दाखवा. दवाखान्यात पिचकारीनं धुतात तेव्हा पाणी अंगाइतकं कोमट लागतं, गार किंवा गरम असेल तर गरगरतं. पडद्याला भोक असेल तर पाणी न वापरता सक्शननं किंवा बारीक हुकानं काढतात. काढताना खोकला आला तर घाबरू नका, कानाच्या कातडीत येणाऱ्या एका नसेचं घशाशी नातं आहे.

तुम्हाला मधुमेह आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. उतारवयात मधुमेहींच्या कानात काडीचा ओरखडा किंवा नळाचं पाणी गेल्यानंतरचा संसर्ग हाडापर्यंत पोचू शकतो. रात्री झोपू न देणारा कानाचा ठणका ही त्याची खूण, आणि तिथे एक दिवसही काढायचा नसतो.